नाथान कोणी व्हायचे?

सोमवार हा डायलिसिस केंद्रातला सर्वांत जड दिवस. शुक्रवारी उपचार घेऊन गेलेला रुग्ण मधल्या दोन दिवसांत जे खातो-पितो, त्यातले पाणी, मीठ आणि पोटॅशियम अंगात साठवून सोमवारी आमच्या वजनकाट्यावर उभा राहतो. 15 जुलै 2024 चा सोमवार मात्र आणखी एका कारणाने जड होता. आदल्या शनिवारी पेन्सिल्व्हेनियातल्या बटलर येथे भर सभेत डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला होता आणि गोळी त्यांच्या उजव्या कानाला चाटून गेली होती. मी मूत्रपिंडविकारतज्ज्ञ म्हणून व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग परिसरात काम करतो. या भागात अशी घटना नुसती बातमी म्हणून राहत नाही; रविवारच्या प्रवचनातून तिचा अर्थ लागून मगच ती सोमवारी कामावर येते.

लिंचबर्ग हे अमेरिकी धर्म आणि राजकारण यांच्या सोयरिकीचे एक मूळ गाव. जेरी फॉलवेल यांनी 1956 मध्ये इथल्या बाटल्या भरण्याच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत आपले बाप्टिस्ट चर्च सुरू केले आणि 1971 मध्ये एक महाविद्यालय काढले, तेच आजचे लिबर्टी विद्यापीठ. नागरी हक्कांच्या चळवळीत उतरलेल्या धर्मगुरूंना उद्देशून याच फॉलवेल यांनी मार्च 1965 मधल्या प्रवचनात सांगितले होते की, धर्मोपदेशकाचे काम आत्मे जिंकण्याचे आहे, राजकारण करण्याचे नाही. चौदा वर्षांनी त्यांनीच 'मॉरल मेजॉरिटी' ही संघटना उभारून रेगन यांच्यामागे मतदार उभे केले. 2007 मध्ये ते वारले, तरी त्यांचे नाव काढले की आजही इथे कोणाचे डोळे पाणावतात, तर कोणाच्या कपाळाला आठ्या पडतात.

त्या दोन्ही प्रकारची माणसे आमच्या केंद्रात एका ओळीत बसतात, कारण मूत्रपिंडे निकामी झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला, वय कितीही असो, सरकारी मेडिकेअर योजना डायलिसिस पुरवते. त्या कायद्यावर 1972 मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी सही केली, हा इतिहासाचा एक गमतीदार तपशील. रविवारी अकरा वाजता, चर्चच्या वेळी, अमेरिका वंशावरून सर्वांत जास्त विभागलेली असते, असे मार्टिन लूथर किंग म्हणत. रविवारी वेगवेगळ्या चर्चमध्ये गेलेले हे लोक सोमवारी अकराला मात्र हातात जाड सुया टोचून चार-चार तास शेजारी बसलेले असतात.

ज्या दोघांबद्दल लिहितो आहे, त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. एक गोरे गृहस्थ, ओतकाम कारखान्यातून निवृत्त झालेले आणि गावाबाहेरच्या एका छोट्या बाप्टिस्ट चर्चचे डीकन, म्हणजे कारभारात पाद्र्याला हातभार लावणारे सेवक. शेजारच्या बाई कृष्णवर्णीय, सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या जवळच्याच प्रिन्स एडवर्ड काउंटीतल्या. गोऱ्या मुलांशेजारी काळी मुले बसवावी लागू नयेत म्हणून या काउंटीने 1959 मध्ये आपल्या सगळ्या सरकारी शाळांना कुलूप ठोकले आणि ते 1964 पर्यंत काढले नाही. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली. बाई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या आणि पुढचे वाचन त्या चर्चच्या तळघरात बायबलवरून शिकल्या. आजही त्यांच्या बायबलात किंग यांचा वर्तमानपत्रातून कातरलेला फोटो खुणेसाठी असतो. ज्यांच्या नावाने आज देशभर सुटी असते, त्या किंग यांच्याबद्दल 1966 च्या गॅलप पाहणीत 63 टक्के अमेरिकनांनी प्रतिकूल मत दिले होते. त्यामुळे वादग्रस्त माणसावर श्रद्धा ठेवणे म्हणजे काय, हे बाईंना कोणी शिकवावे लागत नाही.

डीकन त्या दिवशी जवळजवळ सहा किलो वजन वाढवून आले होते. रक्तदाब 196 वर 104, आणि नडगीवर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहत होता. शनिवारी रात्री प्रार्थनेसाठी सगळे जमले, रविवारी उपासनेनंतर चर्चमध्येच जेवण झाले, त्यात खारवलेले हॅम होते, हे त्यांनी न विचारता सांगितले. मिठाबद्दल मी जे बोलायचे ते बोललो. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतले आणि मग समोरच्या छोट्या टीव्हीकडे बोट दाखवले. त्याच सकाळी फ्लोरिडात न्यायाधीश एलिन कॅनन यांनी ट्रम्प यांच्यावरचा गोपनीय कागदपत्रांचा खटला रद्द केला होता. "डॉक्टर, शनिवारी देवाने त्यांची मान वळवली आणि आज बेड्या काढल्या," ते म्हणाले. ट्रम्प त्या क्षणी पडद्यावरचा स्थलांतरितांच्या संख्येचा आलेख पाहायला वळले होते, हे खरेच. ती मान कोणी वळवली, हाच त्या ओळीतला वादाचा मुद्दा होता.

"आणि तो अग्निशमन दलातला माणूस?" बाईंनी विचारले. त्या गोळीबारात कोरी कॉम्पेराटोर हे आपल्या कुटुंबावर पाखर घालताना मारले गेले होते. "तोही दर रविवारी चर्चला जायचा. त्याची मान वळवायला देवाला सवड नव्हती?"

डीकन बराच वेळ गप्प राहिले. हा प्रश्न त्यांनाही रविवारी छळून गेला असावा असे मला वाटले, कारण ते चिडले नाहीत. देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत, एवढे म्हणून ते बायबलातल्या यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायाकडे वळले. इस्राएलच्या देवाला न ओळखणाऱ्या कोरेश राजाचा देव तिथे उजवा हात धरतो आणि त्याच्याकरवी आपल्या लोकांना बाबेलातून, म्हणजे बॅबिलोनच्या बंदिवासातून, सोडवतो. ट्रम्प यांच्या समर्थक धर्मोपदेशकांनी 2016 पासून हा दृष्टान्त घरोघरी पोहोचवला आहे. त्याच्या जोडीला बायबलातला दावीद राजा येतो: व्यभिचारी आणि खुनी, तरी देवाचा लाडका.

या भागात यायच्या आधी माझी समजूत अशी होती की, या लोकांना आपल्या नेत्याचे दोष कोणी नीट सांगितलेले नाहीत. प्रत्यक्षात डीकनना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. तीन लग्ने, खटले, स्त्रियांबद्दलच्या अश्लील बोलण्याची ती ध्वनिफीत, सगळे. मुळात माणूस पापीच असतो असे मानणाऱ्या धर्मात नेत्याचे पाप उघड झाल्याने श्रद्धेला तडा जात नाही, उलट देवाने त्याला निवडल्याचे नवल वाढते. हा हिशेब पूर्वीपासून असाच मांडला जात होता, असेही नाही. अध्यक्ष क्लिंटन यांचे विवाहबाह्य संबंधांचे प्रकरण गाजत असताना, 1998 मध्ये, सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन या बाप्टिस्ट चर्चच्या मोठ्या संघटनेने लोकप्रतिनिधींच्या चारित्र्याविषयी कडक ठराव केला होता. खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा नेता सार्वजनिक जबाबदारी नीतीने पार पाडू शकतो, असे 2011 मध्ये पीआरआरआय या संस्थेच्या पाहणीत 30 टक्के गोरे इव्हँजेलिकल (बायबलनिष्ठ प्रॉटेस्टंट ख्रिस्ती) म्हणत होते; 2016 च्या ऑक्टोबरात ते 72 टक्के झाले. पाच वर्षांत बायबल तर बदलले नव्हते.

बाईंनी आकडे मांडले नाहीत. त्या म्हणाल्या, "डीकन, तुम्ही दर वेळी दावीद आणता. नाथानला कुठे ठेवून येता?"

नाथान हा संदेष्टा. बथशेबेला पळवून तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत मरायला पाठवणाऱ्या दाविदासमोर तो उभा राहिला आणि "तो मनुष्य तूच आहेस" असे राजाला तोंडावर म्हणाला. दाविदाला क्षमा मिळाली ती त्याने हे ऐकून घेतल्यावर, हा बाईंचा मुद्दा. किंग यांच्याही खासगी आयुष्याबद्दल त्यांना माहीत होते आणि ते त्यांनी त्याच दमात, कोणी न विचारता, सांगून टाकले.

डीकनचे उत्तर मला अजून महत्त्वाचे वाटते. "नाथान दाविदाच्या घरचा होता, मॅडम. हे टीव्हीवाले आणि विद्यापीठवाले आमच्या घरचे कधी होते? आम्हाला हसणाऱ्या माणसाने आमच्या राजाचे पाप दाखवले, तर आम्ही पाप बघायचे की हसणे?"

यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे, कारण घरचा नाथानही येऊन गेला होता. विख्यात इव्हँजेलिकल प्रवचनकार बिली ग्रॅहम यांनी 1956 मध्ये सुरू केलेल्या 'ख्रिश्चॅनिटी टुडे' या मासिकाने डिसेंबर 2019 मध्ये ट्रम्प यांना पदावरून दूर करावे, असे संपादकीय लिहिले. त्यावर ग्रॅहम यांचे चिरंजीव फ्रँकलिन यांनी जाहीर केले की, वडिलांनी 2016 मध्ये ट्रम्प यांनाच मत दिले होते. नाथानलाच घराबाहेर काढले गेले. हे मी बोललो नाही. सुया टोचलेल्या माणसाशी डॉक्टरने राजकारणावर वाद घालू नये, असे माझे मत आहे, कारण त्याला उठून जाता येत नाही.

वाद तिथेच थांबला, तो मात्र वेगळ्या कारणाने. बाई जांभया देऊ लागल्या. डीकन त्यांच्याकडेच बघत होते; त्यांनी एकदम हाक मारली, "नर्स, या बाई खाली चालल्यात!" यंत्राचा इशारा वाजायच्या आत त्यांना ते कळले होते, कारण डायलिसिसमध्ये रक्तदाब कोसळायच्या आधी अशा जांभया येतात हे त्यांनी स्वतः भोगले आहे. रक्तदाब 82 निघाला. टेक्निशियनने खुर्ची मागे पाडून पाय वर केले, पाणी काढणे थांबवले, 200 मिलिलिटर सलाईन दिले. तोवर डीकन मोठ्याने प्रार्थना करू लागले होते. बाईंनी डोळे उघडले ते थेट त्यांच्यावरच. "प्रार्थना चालेल. त्यात त्या माणसाचे नाव आले तर बघा."

नंतर मुख्य नर्सने मला बाजूला घेऊन दोघांच्या खुर्च्या लांब ठेवाव्यात का, असे विचारले. दोघांनीही नकार दिला. बाईंना खिडकी सोडायची नव्हती, डीकनना तिथूनच टीव्ही नीट दिसत होता.

दुपारी यंत्र सोडवायच्या वेळी ट्रम्प यांनी उपाध्यक्षपदासाठी जे. डी. व्हान्स यांचे नाव जाहीर केल्याची बातमी आली. पडद्यावर त्यांच्या पत्नी उषा दिसल्यावर डीकननी मला विचारले, "या तुमच्यातल्या? हिंदू?" आईवडील आंध्र प्रदेशातून आलेले तेलुगू, आणि हो, हिंदू, असे मी सांगितले. ते विचारात पडले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "कोरेशही आपल्यातला नव्हता. देव कोणालाही कामाला लावतो. तुम्हालाच बघा, डॉक्टर." ते मनापासून गौरव करत होते. त्यांच्या मनात मला जागा आहे, पण ती ट्रम्प शिरले त्याच दारातून मिळालेली आहे, हे मला तेव्हा कळले.

साडेचार लिटरपेक्षा जास्त पाणी एका बैठकीत काढणे त्यांच्या हृदयाला झेपणारे नव्हते, म्हणून उरलेल्यासाठी मी त्यांना मंगळवारी पहाटे साडेपाचला यायला सांगितले. मिलवॉकीचे पक्षाचे अधिवेशन रात्री उशिरापर्यंत पाहायचे आहे, अशी त्यांनी कुरकुर केली. चाकाच्या खुर्चीतून दाराकडे जाता जाता बाई म्हणाल्या, "ऐका त्यांचे, डीकन. घरचे नसले तरी." मंगळवारी ते आले, दहा मिनिटे उशिरा.