कोण गेलं असेल?

इन्स्टाग्रामवरचा फॉलोअर्सचा आकडा परत उतरला. फार नाही, बोटांवर मोजण्याइतकाच. पण चढताना जो कधी नजरेत भरत नाही, तो उतरला की बरोब्बर दिसतो. सकाळपासून डोक्यात तेवढंच: कोण गेलं असेल?

ताईला सांगण्यात अर्थ नाही. ती म्हणणार, बंदच करून टाक ते. बंद करायचं नाहीये मला.

कारणं माहीत नाहीत असंही नाही. इन्स्टाग्रामवर कुणी आपलं खातं काही दिवसांपुरतं डीअ‍ॅक्टिव्हेट केलं तरी आपला एक फॉलोअर कमी दिसतो. ते माणूस परतलं की आकडाही परततो. शिवाय कंपन्या मधूनमधून बनावट खाती झाडून काढतात. डिसेंबर २०१४मध्ये इन्स्टाग्रामने अशी मोठी सफाई केली होती. जुलै २०१८मध्ये ट्विटरने संशयावरून लॉक केलेली खाती मोजणीतून वगळली, तेव्हा भल्याभल्यांचे आकडे धडाधड खाली आले. म्हणजे गेलं ते माणूस होतं की बॉट (आपोआप चालणारं खातं), हेसुद्धा आपल्याला कळत नाही. रुसायचं तरी कुणावर?

तरी रुसायला होतंच. फोटो निवडायचे, उजेड जुळवायचा, कॅप्शन चारदा बदलायची, आणि कुणीतरी न सांगता उठून जायचं. निदान काही खटकलं म्हणून सांगून तरी जावं! (कुणी खरंच सांगितलं असतं तर ते सहन झालं असतं का, हा वेगळा विषय.)

‘तुम्हाला कुणी सोडलं ते दाखवतो’ म्हणणारी अ‍ॅप्स ढिगाने आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नये. त्यातली बरीचशी इन्स्टाग्रामचा पासवर्ड मागतात, आणि तो दिला की खातं दुसऱ्याच्या हातात गेलं किंवा संशयास्पद लॉगिन म्हणून लॉक झालं, यातलं काहीही होऊ शकतं. सरळ मार्ग एकच: सेटिंगमधून स्वतःचा डेटा डाउनलोड करायचा. त्यात फॉलोअर्सची यादी असते. काही दिवसांनी पुन्हा डाउनलोड करायचा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून नावं ताडून बघायची. पण यादीत नसलेला माणूस रागावून गेला की खातं मिटवून गेला, हे तिथेही लिहिलेलं नसतं. एवढा खटाटोप करून हाती काय, तर एक नाव. त्या नावाचं करायचं काय? फोन करून जाब विचारायचा? इथे मात्र माझं मलाच हसू आलं.

मग आकडे झाकायला बसले. लाइक्सचा आकडा लपवण्याची सोय मे २०२१पासून सगळ्यांना आहे, फक्त ती दोन ठिकाणी करावी लागते. इतरांच्या पोस्टवरचे आकडे सेटिंगमधून एकदाच बंद होतात. स्वतःच्या पोस्टचे मात्र त्या-त्या पोस्टच्या तीन टिंबांवर जाऊन लपवावे लागतात. बरेच जण पहिलं करतात, दुसरं विसरतात आणि मग ‘चालत नाही’ म्हणतात. दुसरं केलं तरी आपल्याला लाइक करणाऱ्यांची यादी उघडून मोजता येतेच; तो मोह आपला आपण आवरायचा. फॉलोअर्सचा आकडा इन्स्टाग्रामवर लपवताच येत नाही. यूट्यूबवर चॅनेलवाल्याला सबस्क्रायबरचा आकडा लोकांपासून लपवता येतो, पण यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेल सांभाळायच्या पानावर, तो स्वतःला पूर्ण दिसतोच. इन्स्टाग्रामवर प्रोफेशनल खातं असेल तर ते पुन्हा पर्सनल केलं की इन्साइट्सचे, म्हणजे कुणी किती पाहिलं याचे, आलेख जातात. जुनी आकडेवारीही जाते, म्हणून हवी असेल तर आधी उतरवून ठेवावी.

इन्स्टाग्रामवरची फेव्हरिट्सची, म्हणजे आपण निवडलेल्या आवडत्या खात्यांची, यादीही साफ केली. पन्नास खात्यांची मर्यादा आहे, आणि ती मर्यादाच कामाची. ज्यांची पोस्ट चुकली तर हळहळ वाटेल तेवढेच ठेवायचे. तिथे पोस्ट काळाच्या क्रमाने येतात आणि थोड्या वेळात संपतात. अ‍ॅप नव्याने उघडलं की बहुतेक वेळा मूळ फीडच समोर येतं, ही त्यातली कटकट.

तरी प्रश्न आहेच, कोण गेलं असेल. पण आता त्याच्या शेजारी दुसरा येऊन बसलाय. जाळ्यात पांढरी नागमोडी नक्षी विणणाऱ्या कोळ्याचा फोटो टाकला होता ना, त्याला लाइक्स जेमतेम. पण खाली एका अनोळखी माणसाने लिहिलंय, ‘मधली मादी आहे. वर डाव्या कोपऱ्यातला बारका ठिपका बघा, तो नर असावा.’ झूम केलं. पाय दिसले! फोटो काढताना, कापताना, टाकताना जे दिसलं नव्हतं ते एका परक्या माणसाने दाखवलं. या जातीत नर मादीपेक्षा कितीतरी लहान असतो आणि जाळ्याच्या कडेला, कधी स्वतःच्या दोन-चार धाग्यांवर बसून असतो. ही कॉमेंट कुठल्या आलेखात मोजायची? ‘एक’ म्हणून, शेजारच्या ‘मस्त’सारखीच.

फोटो आयनॅचरलिस्टवरही टाकणार आहे; तिथे लोक प्राणी-वनस्पतींचे फोटो टाकतात आणि इतर जण त्यांची ओळख पटवतात. ओळख पक्की ठरायला ती पटवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त जणांचं जातीवर एकमत व्हावं लागतं, आणि हुज्जत घालणारे भेटतात. त्या हुज्जतीत मजा आहे.

त्याआधी नराचा वेगळा फोटो हवा. फोनचा फोकस जाळ्यातून आरपार जाऊन मागच्या पानांवर बसतो. त्यावर उपाय म्हणजे जाळ्याशेजारी तेवढ्याच अंतरावर हात धरायचा, स्क्रीनवर दाबून फोकस लॉक करायचा, मग हात काढायचा. मागे काळा कागद, उजेड बाजूने. धागे उठून दिसावेत म्हणून पावडर उडवायची नाही. जाळं बिघडतं आणि बिचारीला ते पुन्हा विणावं लागतं. वारा पडलेला असेल तर आठांपैकी निदान चार पाय तरी स्पष्ट यावेत.