दोन मिलिमीटरचा रस्ता : ओडीपीवर हरकत घेण्याचा माझा अनुभव

बँकेत मी चौतीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो, त्यामुळे बाहेर उभ्या असलेल्या माणसाचे काय होते हे मला निवृत्तीनंतरच कळले. गोव्यातील ज्या पालिका शहरात आमचे घर आहे त्याचे आणि शहराचा विकास आराखडा (ओडीपी) करणाऱ्या ज्या कार्यालयाविषयी पुढे लिहिणार आहे त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. राग अजून पुरता निवलेला नाही, आणि तेथील एकदोघांनी मला मनापासून मदतही केलेली आहे.

घराच्या मागील बाजूस एक खोली वाढवायची होती. त्यासाठी झोनिंगचा दाखला, म्हणजे जागा आराखड्यात कोणत्या वापरासाठी दाखवली आहे ते सांगणारा कागद लागतो, म्हणून पी. टी. शीट नंबर व चलता नंबर (शहर भूमापनातील नकाशाचा व जागेचा क्रमांक) घालून अर्ज दिला, शुल्क भरले आणि दाखला आठवड्याभरात मिळालाही. त्यात वावगे असे काहीच नव्हते. मात्र तो हातात ठेवताना तिथला ड्राफ्ट्समन आवाज खाली आणून म्हणाला, "काका, हो जुन्या प्लॅनाचो. नवो एक फावट पळयात."

हा जुन्या आराखड्याचा, नवा एकदा पाहा, असे त्याचे म्हणणे. नवा म्हणजे मसुदा. १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली शहरांचे बाह्य विकास आराखडे, ज्यांना आपण सगळे ओडीपी म्हणतो, नियोजन व विकास प्राधिकरणे तयार करतात. मसुदा लोकांना पाहण्यासाठी ठेवला जातो, हरकती व सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते आणि शासनाच्या मंजुरीनंतर आराखडा राजपत्रातून अंमलात येतो. आमच्या आराखड्याची नोटीस वर्तमानपत्रात येऊन गेली होती. मी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत वाचणारा माणूस आहे, तरी ती माझ्या नजरेतून निसटली. मी नकाशासमोर जाऊन उभा राहिलो तेव्हा हरकती देण्याच्या मुदतीतले एकवीस दिवस उरले होते, आणि त्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येत होती.

नकाशा एका अरुंद खोलीत भिंतीला लावलेला होता. रहिवासी विभाग पिवळा, व्यापारी निळा, मोकळ्या जागा हिरव्या, आणि त्यांच्यामधून जाणारे प्रस्तावित रस्ते. आमच्या वाड्यातली, म्हणजे वस्तीतली, पाणंद शोधायला मला दहा मिनिटे लागली. ती सापडली तेव्हा तिच्या जागी १० मीटरचा प्रस्तावित रस्ता दाखवलेला होता. नकाशाचे प्रमाण १:५०००. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवरचे पाच मीटर, आणि १० मीटरचा रस्ता कागदावर अवघा दोन मिलिमीटर. मी खिशातली पट्टी काढून वाकलो. रस्त्याची कड दाखवणारी रेघच अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे अडीच मीटर जाड होती. आमचे आंगण फाटकापासून सोप्याच्या पायऱ्यांपर्यंत सात मीटर आहे आणि तुळस फाटकापासून चार मीटरवर. रस्ता गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी थांबतो, तुळशीपाशी थांबतो की पायऱ्यांना लागतो, या तिन्ही शक्यता कागदावर दीड मिलिमीटरच्या आतच मावत होत्या.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आमच्या वाड्यात रस्त्याची बातमी ऐकून दोन घरांत जेवणे झाली नाहीत. आराखड्यात रस्ता दाखवला म्हणून जमीन लगेच जात नाही. ती घ्यायची झाल्यास रीतसर संपादन व मोबदला लागतो. मात्र त्या पट्ट्यात बांधकामाला परवानगी मिळत नाही, आणि पुढच्या बाजूला सोडायची जागा रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजली जात असल्याने मध्यरेषा सरकली की घरमालकाचे सगळे गणित सरकते. विकायला काढले तर गिऱ्हाईक आधी तोच नकाशा पाहून येते.

मला हवी होती ती त्या भागाची प्रत. हरकतीत "आमच्यावर अन्याय झाला आहे" असे चार पाने लिहिण्यापेक्षा रस्ता नेमका कुठून जातो ते आमच्या भूमापनाच्या नकाशावर चढवून दाखवावे, एवढा साधा विचार होता. पहिल्या दिवशी मला सांगण्यात आले की भिंतीवरच्या नकाशाचा मोबाइलवर फोटो काढता येणार नाही. कारण विचारल्यावर उत्तर मिळाले की लोक चुकीचे फोटो पसरवतात. मग प्रमाणित प्रत द्या, म्हटले. त्यावर, मसुद्याची प्रमाणित प्रत निघत नाही, अंतिम झाल्यावर मिळेल. अंतिम झाल्यावर हरकत कशावर घ्यायची, हा माझा प्रश्न त्या बाईंना उद्धटपणाचा वाटला असावा, कारण त्यांनी मला दुसऱ्या खिडकीकडे पाठवले. दुसऱ्या खिडकीवर अर्ज घेतला, परंतु शुल्क किती ते ठरवणारे साहेब जागेवर नव्हते. "साहेब नात. फाल्यां येयात." दुसऱ्या दिवशी साहेब होते, प्लॉटर (मोठे नकाशे छापणारे यंत्र) बंद होता. तिसऱ्या खेपेस प्लॉटर सुरू झाला होता, पण त्यावरचा ड्राफ्ट्समन, ज्याने मला आधी सावध केले होते तोच, चवथीसाठी गावी गेला होता. चवथीत गोव्यात काय होते ते मी कुणाला सांगायला नको. आम्हीही घरी गणपती आणला आणि वर फळा-पानांची माटोळी बांधली. आरती म्हणताना माझे अर्धे लक्ष त्या एकवीस दिवसांत होते, त्यातले आता अकरा उरले होते.

चवथीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी मी माहिती हक्काचा अर्ज दिला, दहा रुपये भरले, आणि पोचपावती हातात घेतल्यावर दाराबाहेर उभा राहून स्वतःलाच हसलो. २००५ च्या त्या कायद्याने माहिती देण्यास तीस दिवसांची मुदत आहे. माझ्याकडे दहा होते. तो अर्ज मी पहिल्या दिवशी दिला असता तरीही उत्तर वेळेत येण्याची सक्ती नव्हती. त्यामुळे ज्यांच्या शहराचा मसुदा पुढे कधी जाहीर होईल त्यांनी नोटीस दिसली त्याच दिवशी माहिती हक्काचा अर्ज द्यावा, आणि खिडकीवरचे हेलपाटे त्यानंतर मारावेत. माझा क्रम उलटा झाला.

या सगळ्यात माझी चिडचिड किती वाढली होती हे सून सांगेल. मी जेवताना ताटाच्या कडेवर बोटाने रस्ते काढत होतो. बँकेत असताना समोरच्या माणसाला मीही "उद्या या" म्हटले असणारच, आणि त्याचे उद्या किती महाग होते ते मी कधी विचारले नाही, ही टोचणी वेगळीच.

वाट सापडली ती पालिकेत. कार्यालयातल्या एका शिपायाने जाता जाता सांगितले की तोच नकाशा पालिकेच्या सभागृहातही लावलेला आहे. मी तडक तिकडे गेलो. मुख्याधिकाऱ्यांना फोटोविषयी विचारलेच नाही, कारण नाही म्हणण्याची एक संधी कशाला द्यायची. मी विचारले, ट्रेसिंग काढू का? त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या हातातल्या बटर पेपरकडे पाहिले आणि खुर्ची आणून देण्यास सांगितले. सुनेची बारीक टोकाची पेन्सिल, चार चिकटपट्ट्या आणि चष्म्यावर धरलेले भिंग एवढ्या साहित्यावर मी दीड तासात आमची पाणंद, वाड्याची घुमटी (छोटे देऊळ), सार्वजनिक विहिरीचा कोपरा आणि त्या दोन रेघा उतरवून घेतल्या. शाळेत चित्रकलेत मला कधी पस्तीसच्या वर गुण पडले नव्हते. तो बटर पेपर मी आजही कपाटात नळी करून ठेवला आहे.

भाचा इमारतींचे नकाशे काढतो. त्याने ट्रेसिंग दहापट मोठे करून ते आमच्या १:५०० च्या भूमापन नकाशावर ठेवले. मेळ घालण्यासाठी न हलणाऱ्या दोन खुणा लागतात, त्या आम्ही घुमटी आणि विहीर घेतल्या. माडाची झाडे घेऊ नका, ती नकाशावर कुणीही कुठेही काढतो. मेळ बसल्यावर चूक लख्ख दिसली. पाणंद प्रत्यक्षात चार मीटर रुंद आहे आणि रस्त्याची मध्यरेषा तिच्या मध्यावर न येता चार मीटर आमच्या बाजूला सरकलेली होती. मूळ नकाशावर ही चूक ०.८ मिलिमीटरची. जमिनीवर मात्र तिने आमचे सात मीटरचे आंगण पायऱ्यांपर्यंत खाल्ले होते.

ती सरकली कशी, याचेही उत्तर नंतर मिळाले. घुमटीसमोर आमच्या बाजूला एक मोकळा चौक आहे. शिमग्यात रोमटे, म्हणजे मिरवणूक, तिथे थांबते, एरवी मुले खेळतात. आराखड्याआधी प्रत्यक्ष भूवापराचा नकाशा आणि नोंदवही तयार होते, आणि कायद्याप्रमाणे त्यावरही लोकांना हरकती घेता येतात. आमच्या भागाच्या त्या नकाशात पाणंद आणि चौक मिळून एकच रुंद रस्ता दाखवला होता, आणि पुढची मध्यरेषा त्या रुंदीच्या मध्यावरून सरळ ओढली गेली. ओडीपीवर सगळे तुटून पडतात, पण हा आधीचा नकाशा पाहायला कुणी जात नाही. मीही गेलो नव्हतो.

हरकत मी शेवटच्या दोन दिवसांत दिली. तिला ट्रेसिंग, चढवलेला नकाशा आणि फाटक, तुळस व विहीर यांची टेपने घेतलेली मापे जोडली, आणि शेवटी एक वाक्य घातले की प्रमाणित प्रत मागूनही न मिळाल्याने ती मिळाल्यावर पुरवणी निवेदन देण्याचा हक्क राखून ठेवीत आहे. हे वाक्य बँकेने शिकवले. वाड्यातल्या तेवीस घरांनी एकाच मजकुरावर सह्या केल्या होत्या, पण मी प्रत्येकाला आपापला चलता नंबर घालून स्वतंत्र अर्ज करायला लावला. आवक क्रमांक आणि शिक्का दुसऱ्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. शिक्का पुसट उठला तर पुन्हा मारून मागावा. मी मागितला.

वाड्यातली एक शिक्षिका या काळात एक गोष्ट वारंवार बोलत असे आणि ती मला पटते. खेड्यात ग्रामसभा तरी आहे. संपूर्ण गोव्याच्या 'प्रादेशिक आराखडा २०११' (हे वर्ष त्याच्या मुदतीचे) विरुद्ध लोक उठले आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो मागे घ्यावा लागला, तेव्हाही खेड्यांचा आवाज मोठा होता. शहरात बसून बोलायला जागाच नाही. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगर नियोजन हा पालिकांचा पहिला विषय आहे, तरी आमच्याकडे ते काम प्राधिकरणाकडे. प्रभाग समित्या तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांनाच बंधनकारक आहेत, आणि गोव्यात इतके मोठे शहर एकही नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के वस्ती शहरी निघाली. एवढ्या माणसांनी एकत्र बसायचे तर ते देवळाच्या सभामंडपातच. आम्हीही तिथेच बसलो.

सुनावणी चार मिनिटे चालली. आधीच्या माणसाने पोर्तुगीज काळापासूनची हकीकत सुरू केली होती आणि त्याला मध्येच थांबवले गेले, म्हणून मी बोललोच नाही, चढवलेला नकाशा टेबलावर पसरला. एका सदस्याने विचारले, किती मीटर? मी म्हटले, चार. त्यांनी पेन्सिलने त्यावर एक खूण केली आणि पुढचे नाव पुकारले गेले. रस्ता सहा मीटरचाच ठेवावा, ही माझी दुसरी मागणी त्यांनी वाचलीही नसावी. माहिती हक्कातली प्रत पहिल्या अपिलानंतर आली, तोवर सुनावणी होऊन महिना उलटला होता. ती प्रत माझ्या ट्रेसिंगवर ठेवली तेव्हा दोन्ही रेघा जुळल्या, एवढेच समाधान तिने दिले.

शासनाकडे मंजुरीसाठी गेलेल्या सुधारित नकाशात मध्यरेषा पाणंदीच्या मध्यावर आली आहे. रुंदी १० मीटरच राहिली. चार मीटरच्या पाणंदीला दोन्हीकडून तीन तीन मीटर लागतील, तेव्हा आमचे आंगण तीन मीटरने कमी होईल आणि तुळस एका मीटरने वाचेल. पण हे तीन मीटर आता समोरच्या काकांचेही जातात. आधीच्या चुकीत त्यांच्या गडग्याला धक्का लागत नव्हता, म्हणून त्यांनी अर्जही दिला नव्हता. आता त्यांच्या कडेचे दोन माड आणि गडगा रस्त्यात आले आहेत. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांना काय सांगावे हे मलाही सुचत नव्हते. मी मापे बरोबर दिली होती, आणि बरोबर मापांनीच त्यांचे नुकसान झाले होते.

मागच्या रविवारी ते फाटकाशी आले. बसले नाहीत. अजून निवेदन चालेल का, असे त्यांनी विचारले. आराखडा राजपत्रात येईपर्यंत देऊन ठेवा, म्हटले, आणि या वेळी रुंदीवरच बोला, चार मीटरची पाणंद सहाची केली तर दोन्हीकडून एकेकच मीटर जाईल. मग कपाटातली नळी काढून त्यांच्या हातात दिली. झेरॉक्स काढून परत आणा, एवढे बजावले, कारण बटर पेपरला घडी पडली की मापे चुकतात.