मग प्रोबायोटिक घ्यायचं की नाही?

प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला चांगले म्हणून घेतल्या जाणाऱ्या जिवंत जंतूंच्या, विरोधात तू गेलीस का, असं लोक मला विचारतात. नाही, गेलेले नाही. कुठल्या कंपनीने माझं घोडंही मारलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी पोषणशास्त्राच्या एका परिषदेला जाऊन आले आणि माझ्या आहाराच्या कागदावरची शेवटची ओळ गेली, एवढंच झालं. ‘प्रोबायोटिक कॅप्सूल, रोज एक.’ माझ्या जुन्या पेशंटना ही ओळ पाठ होती. तेव्हापासून पेशंट विचारतात, बरोबरीच्या आहारतज्ज्ञ विचारतात, भाची विचारते: तिथे असं ऐकलंस तरी काय? आणि लगेच, मग घ्यायचं की नाही?

‘कशासाठी घ्यायचंय?’ असं मी उलट विचारलं की उत्तर येतं, ‘पोटासाठी.’ मग माझी चिडचिड होते. ती का होते हे पुढे येईल.

आधी कबूल करते की मी तिथे शिकायला गेलेच नव्हते. नोंदणी टिकवायला लागणारे तास भरायचे होते आणि दोन जुन्या मैत्रिणी भेटणार होत्या. आतड्याच्या आरोग्याचं सत्र मी निवडलं कारण तो ‘माझा’ विषय होता. त्यावर मी भाषणं द्यायचे. माझ्या पहिल्या स्लाइडवर मेचनिकॉफची दाढी असायची आणि खाली लिहिलेलं असायचं: दह्यातल्या जंतूंनी आयुष्य वाढतं असं सांगणारा नोबेल विजेता, १९०८. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामाला, दह्याला नव्हे, आणि तो स्वतः एकाहत्तराव्या वर्षी गेला. दुसऱ्या स्लाइडवर मी म्हणायचे की शरीरात आपल्या पेशींच्या दहापट जंतू असतात, त्यांचंच वजन दोन किलो भरतं. श्रोते ‘अरे बापरे’ म्हणायचे. २०१६ मध्ये हिशोब नव्याने मांडला गेला तेव्हा अंदाज निघाला साधारण ३८ लाख कोटी जंतू आणि ३० लाख कोटी पेशी. म्हणजे जवळजवळ बरोबरी. वजन सुमारे २०० ग्रॅम. तो हिशोब येऊन गेल्यावरही माझी स्लाइड तशीच होती.

हॉलच्या बाहेर हवा भरून फुगवलेला गुलाबी बोगदा होता. आतड्याचा. आत शिरायचं, फोटो काढायचा, बाहेर पडताना प्रोबायोटिकच्या सॅशेंची पिशवी घ्यायची. मी फोटो काढला, तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. तोंड भरून हसतेय, मागे पुठ्ठ्याचे जंतू, त्यांनाही हसरे चेहरे काढलेले. स्टॉलवरची मुलगी सांगत होती, ‘मॅडम, एका सॅशेत पन्नास अब्ज.’ पन्नास अब्ज काय, हे मी विचारलं नाही. संख्या मोठी होती, पुरे.

सत्रातल्या वक्त्या लहान मुलांच्या पोटविकारांच्या डॉक्टर होत्या, साठीच्या आसपासच्या, आवाज अगदी बारीक. भाषणभर मी मान डोलावत होते. काही ठिकाणी त्या माझ्याविरुद्ध बोलत होत्या हे मला तेव्हा कळलंच नाही, कारण मी ऐकत नव्हते, उठून काय विचारायचं ते मनात जुळवत होते. प्रश्नोत्तरं सुरू झाल्या झाल्या हात वर केला. माईक घेऊन एक मुलगा धावत आला.

मी म्हणाले, ‘मी गेली अकरा वर्षं पोटाची तक्रार असलेल्या प्रत्येक पेशंटला प्रोबायोटिक देते आणि मला उत्तम रिझल्ट मिळतात. तर आपल्या क्षेत्रात याचा वापर आणखी कसा वाढवता येईल?’

हा प्रश्न नव्हता, हे तुम्हालाही कळलं असेल. मला टाळी हवी होती.

‘कोणतं देता?’ त्यांनी विचारलं.

मी कंपनीचं नाव सांगितलं.

‘त्यात काय असतं?’

‘लॅक्टोबॅसिलस.’

‘कोणता?’

मी गप्प. अकरा वर्षं ज्या डबीवर बोट ठेवून लोकांना ‘ही घ्या’ सांगत होते, तिच्या मागचं बारीक अक्षर मला आठवेना. आठवेना म्हणजे काय, ते मी कधी वाचलंच नव्हतं.

‘बरं, ते राहू द्या. कशासाठी देता?’

आणि मी, माईकमध्ये, तीनशे माणसांसमोर म्हणाले, ‘पोटासाठी.’

त्या हसल्या नाहीत. वहीत काहीतरी टिपल्यासारखं करून त्यांनी शेवटचं विचारलं, ‘उपयोग होत नाहीये, आता थांबवायचं, हे कधी ठरवता?’

खोटं बोलायला वेळ मिळाला असता तर मी बोलले असते. पण माईकवाला मुलगा हात पुढे करून शेजारीच उभा होता, मागे दुसऱ्यांचे हात वर होते, आणि घाईत माझ्या तोंडून खरं निघालं. ‘फरक पडला नाही तर मी ब्रँड बदलते.’

हॉल हसला. कुत्सितपणे नाही, ओळखीचं हसू होतं ते, कारण निम्मे लोक तेच करत असणार. डॉक्टर म्हणाल्या, ‘आपण सगळेच तेच करतो,’ आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. घरी जाऊन त्यांना नावं ठेवली असती. मी खाली बसले तेव्हा सॅशेंची पिशवी मांडीवर होती आणि जरा हललं तरी खुळखुळत होती.

त्यांनी मला उगाच पेचात पकडलं, असं मी दोन महिने सगळ्यांना सांगत होते. ‘या मोठ्या डॉक्टरांना प्रत्यक्ष लोक काय बोलतात ते माहीत नसतं.’ ‘स्ट्रेन-बिन कोण वाचतंय?’ वगैरे. मग एका रात्री चिडूनच डबी घेऊन बसले आणि भिंगाने मागचं वाचलं.

तर ते असं आहे. प्रोबायोटिक हे एका औषधाचं नाव नाही, ‘गोळी’ म्हटल्यासारखंच आहे ते. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी व्याख्या केली: असे जिवंत सूक्ष्मजीव, जे पुरेशा प्रमाणात दिले तर घेणाऱ्याच्या आरोग्याला फायदा करतात. म्हणजे आधी फायदा दिसायला हवा, मग नाव. आणि फायदा दाखवायचा तो त्या विशिष्ट जंतूने, त्याच्या भाऊबंदांनी नव्हे. ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी’ यात पहिलं आडनाव, दुसरं नाव, आणि ‘जीजी’ म्हणजे प्रत्यक्ष असामी, म्हणजेच स्ट्रेन. (ती अक्षरं गोरबाक आणि गोल्डिन या शोधणाऱ्या दोघांची.) नाव-आडनाव जुळलं म्हणून दुसरा कुणी तेच काम करेल असं नाही. त्यात २०२० मध्ये हे घराणंच फुटलं, लॅक्टोबॅसिलसचे पंचवीस वंश झाले आणि आपली असामी ‘लॅक्टिकेसिबॅसिलस’ झाली. मी अजून जुनं नाव धड पाठ केलं नव्हतं.

माझ्या डबीवर आडनाव होतं, नाव होतं. असामी नव्हती.

आणि असामी नामांकित असली तरी काय? ही जीजी अमेरिकेत जुलाब-उलट्यांनी आजारी असलेल्या लहान मुलांना देऊन पाहिली, ९७१ मुलं, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. जंतू नसलेली नुसती भुकटी दिलेल्या मुलांपेक्षा काही वेगळं झालं नाही. मी मात्र भाचीच्या मुलाला प्रत्येक जुलाबात सॅशे द्यायला लावायचे. तो दोन-तीन दिवसांत बरा व्हायचा. तो तसाही झाला असता, हे मला शिकवलेलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

अँटिबायोटिक झाल्यावर प्रोबायोटिक, हा माझा सगळ्यात पक्का नियम. इस्रायलमध्ये एक प्रयोग झाला, तोही २०१८ चाच. निरोगी माणसांना अँटिबायोटिक देऊन त्यांच्या आतड्यातले जंतू किती दिवसांत परततात ते पाहिलं. नुसतं सोडून दिलेल्यांच्यात ते हळूहळू परतले. अकरा स्ट्रेनचं प्रोबायोटिक घेतलेल्यांच्यात उलट परतायला जास्त वेळ लागला, काही महिने. स्वतःचीच आधी साठवलेली विष्ठा परत आतड्यात सोडलेल्यांच्यात काही दिवसांतच आले. (हे मी पेशंटना सांगत नाही.) यावर माझ्यातली जुनी बाई लगेच उसळते: एकवीस माणसांवरून नियम बदलतात का? बरोबर आहे तिचं. शिवाय अँटिबायोटिक चालू असताना बरोबरीने प्रोबायोटिक दिलं तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्यात बळावणाऱ्या जंतूमुळे होणारे जुलाब कमी होतात, सुमारे ६० टक्क्यांनी, असं अनेक चाचण्या एकत्र करून दिसलंय. ज्यांना तो धोका जास्त आहे त्यांनाच प्रामुख्याने. म्हणजे एकीकडे जुलाब टळतात, दुसरीकडे घरचे जंतू उशिरा येतात. दोन्ही खरं असू शकतं. आता सांगा, एका वाक्यात काय उत्तर देऊ?

‘पण नुकसान तर नाही ना?’ हा पुढचा प्रश्न. मीही हेच म्हणायचे, हीच माझी ढाल होती. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या अत्यवस्थ रुग्णांना नळीतून प्रोबायोटिक दिलं होतं. निष्कर्ष २००८ चे आहेत, म्हणजे मी ती ओळ लिहायला लागण्याच्याही आधीचे. प्रोबायोटिकच्या गटात १५२ पैकी २४ दगावले, दुसऱ्या गटात १४४ पैकी ९. नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, नऊच्या नऊ प्रोबायोटिकवाले. चालत्याबोलत्या धडधाकट माणसाला हा आकडा लागू नाही, हे मला कळतं, उगाच घाबरू नका. पण ‘नुकसान तर नाही’ हे वाक्य मी कुणालाही, काहीही न विचारता म्हणत होते.

आता उलट बाजू, कारण जुनी बाई गप्प बसत नाही. ती म्हणते, लोकांना बरं वाटत होतं ना? वाटत होतं. माझ्या कागदावर पाणी, झोप, तंतुमय पदार्थ, जेवणाच्या वेळा, सावकाश चावणं अशा अठरा ओळी असायच्या आणि एकोणिसावी कॅप्सूल. पाळायला सोपी तीच, म्हणून श्रेय तिला. शिवाय माणूस माझ्याकडे येतो तो पोटाने अगदी हात टेकल्यावर, तिथून पुढे त्रास बहुतेकदा आपोआप कमीच होतो. इतकं मांडून मी विजयी मुद्रेने बसते, तेवढ्यात मला एक गृहस्थ आठवतात. त्यांनी तीनदा कॅप्सूल थांबवून पाहिली आणि तिन्ही वेळा पोट बिघडलं. ‘मॅडम, मनाचे खेळ असतील तर असू द्या, मी घेऊ का?’ मी ‘घ्या’ म्हणाले. कोणत्या आधारावर म्हणाले, विचारू नका.

एक गोष्ट मात्र मी अजून कुणाला सांगितलेली नाही. त्या हॉलमध्ये ‘थांबवायचं कधी ठरवता’ हा प्रश्न आला तेव्हा मला एक चेहरा दिसला होता. माझ्याच वयाच्या एक बाई. पोट फुगतं, मधूनच पातळ होतं, जिना चढवत नाही. पाच महिन्यांत मी त्यांचे तीन ब्रँड बदलले. मग त्या यायच्या थांबल्या आणि बरं वाटलं असेल असं मी धरून चालले.

परिषदेहून परतल्यावर त्यांची फाइल काढली. रक्ताचा रिपोर्ट आत होता, माझ्याच हाताने पंच करून लावलेला. हिमोग्लोबिन ८.९, लोहाच्या गोळ्या घेऊनही न वाढलेलं. पुढच्या पानावर माझं अक्षर: ‘फायबर वाढवा. गव्हाचा कोंडा, रोज दोन चमचे.’ त्याखाली कॅप्सूल.

फोन करायला चार दिवस लावले. त्यांनी आनंदाने उचलला. दुसऱ्या एका डॉक्टरांनी रक्ताची चाचणी केली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासला, गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार, सिलिअ‍ॅक निघाला. गहू बंद केला, तीन-चार महिन्यांत हिमोग्लोबिन चढलं. आता जिने चढतात. ‘तुमचा कोंडा मात्र बंद करावा लागला हं,’ असं हसून म्हणाल्या. टोमणा नव्हता, त्यांना खरंच मला वाईट वाटेल असं वाटत होतं.

मी आहारतज्ज्ञ आहे, निदान करणं माझं काम नाही. हे वाक्य मी फोन धरून मनात घोळवत होते. गहू खाऊन आजारी पडलेल्या माणसाला कोंडा देणं कुणाचं काम होतं, हे काही त्यात येत नव्हतं.

ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, ‘बरं झालं फोन केलात. ती तुमची शेवटची कॅप्सूल मी अजून रोज घेतेय, कुणी बंद करा म्हणालंच नाही. चालू ठेवू?’

मी म्हणाले, ‘डबी हातात घ्या. मागे काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा.’