शनिवारी पुसलेल्या लॉगच्या फायली

जुलै २०१८ मधला सोमवार. पावणेनऊला मी अन्नपूर्णा रोडवर भर पावसात स्कूटर कडेला घेऊन फोन उचलला. लॅब असिस्टंट होता. "ताई, एकाही मुलाचं लॉगिन होत नाहीये. वायफायपण नाही."

इंदूरमधल्या एका कॉलेजचे सर्व्हर मी सांभाळते. आमची तेवीसशेच्या आसपास खाती एकाच डिरेक्टरीत आहेत. त्यासाठी ओपनएलडॅप हे सॉफ्टवेअर वापरतो. लॅबमधले संगणक, वायफाय, लायब्ररी, मेल, सगळे "हा माणूस कोण, याचा पासवर्ड बरोबर आहे का" हे तिलाच विचारतात. ती बसली की सगळं असून कोणालाच आत जाता येत नाही.

पोचले तेव्हा सर्व्हर चालू होता, पण स्लॅपडी, म्हणजे डिरेक्टरी चालवणारा प्रोग्रॅम, उठत नव्हता. सिस्टिमच्या नोंदींमध्ये पहिली ओळ होती की डेटाबेस नीट बंद झालेला नाही, दुरुस्ती करून बघतो. दुसऱ्या ओळीत दुरुस्ती फसली होती. हाताने रिकव्हरी चालवली, तेव्हा मिळालेला संदेश मला अजून पाठ आहे. मुख्य फायलीवर लॉग क्रमांक ४१ मधली खूण आहे आणि लॉग तर क्रमांक १ वरच संपतोय, असा त्याचा अर्थ. खाली खुलासाही होता: लॉगच्या सगळ्या फायली काढून टाकल्या की सहसा असं होतं.

तो वाचला आणि मला शनिवार आठवला.

शनिवारी संध्याकाळी डिस्क ९८ टक्के भरल्याचा इशारा आला होता. जागा कोण खातंय ते शोधताना डिरेक्टरीच्या फोल्डरमध्ये ४१ फायली दिसल्या. प्रत्येकीचं नाव 'लॉग', पुढे टिंब आणि दहा आकडी क्रमांक, आकार प्रत्येकी १० एमबी. नाव लॉग, म्हणजे जुन्या नोंदी, असं मी धरलं आणि त्या पुसल्या. चारशे एमबी मोकळे झाले. मी घरी गेले.

त्या जुन्या नोंदी नव्हत्याच. तेव्हा आमची डिरेक्टरी बर्कले डीबीवर होती. या डेटाबेसची रीत आपल्या सियागंजातल्या पेढीसारखी आहे. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत उतरतो, खातेवहीत सवडीने चढतो. त्या 'लॉग' फायली म्हणजे रोजकीर्द. मध्येच मशीन बंद पडलं, तर उठल्यावर डेटाबेस रोजकीर्द वाचून खातेवही पुरी करतो. मी रोजकीर्दच फाडून टाकली होती, तीही पेढी उघडी असताना.

तरीही सर्व्हर नीट बंद झाला असता, तर बहुधा वाचलो असतो. पण दर रविवारी पहाटे दोनला एक स्क्रिप्ट चालायची. माझ्या आधी कोणीतरी लिहून ठेवलेली, सर्व्हर 'ताजा' राहावा म्हणून. ती स्लॅपडीला थांबायला सांगायची, पाच सेकंद थांबायची, मग सरळ 'किल मायनस नाइन', म्हणजे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद, आणि रीबूट. स्लॅपडीला थांबायला सांगितलं की तो हातातली कामं संपवतो, मेमरीतलं डिस्कवर उतरवतो, मग बंद होतो. त्याला कधी दोन सेकंद लागतात, कधी चाळीस. पाच सेकंदांत जमलं नाही तर त्याला अर्ध्यावर मारायचं, असा तो हिशोब होता. आधीचे कित्येक रविवार हे निभावलं, कारण रोजकीर्द जागेवर होती. त्या रविवारी नव्हती.

दुरुस्तीला हात लावण्याआधी मी एक गोष्ट बरोबर केली: बिघडलेलं अख्खं फोल्डर जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. रिकव्हरी, इंडेक्स पुन्हा बनवणं, सगळं त्या प्रतीवर करून पाहिलं. चुका सोडून पुढे जायला सांगून स्लॅपकॅट, म्हणजे डिरेक्टरीतला डेटा बाहेर काढणारी कमांड, चालवला, तर निम्म्याहून थोड्या जास्त एन्ट्री निघाल्या आणि पुढे तो अडकला. निघालेल्यांतही काहींचे गट जुळत नव्हते. अशा डेटावर उद्या कोणाला चुकीचा प्रवेश मिळाला तर? तो मी बाजूला ठेवला.

शेवटचा धड बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा होता. स्लॅपकॅटने काढलेली एलडीआयएफ फाइल, म्हणजे साधा मजकूर, उघडून वाचता येतो. तो मी स्लॅपअ‍ॅडने नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये भरला. स्लॅपडी तरीही उठेना. परवानगी नाही म्हणे. पाऊण तास मी सेटिंगमध्ये चूक शोधत होते. शेवटी फायलींची यादी काढली. प्रत्येक ओळीत मालकाच्या जागी 'रूट', म्हणजे सर्वाधिकार असलेलं खातं. स्लॅपअ‍ॅड मी रूट म्हणून चालवला होता, स्लॅपडी मात्र 'ओपनएलडॅप' या आपल्या वेगळ्या खात्यातून चालतो, त्याला त्या फायली उघडताच येत नव्हत्या. मालकी बदलली आणि तो उठला. तेव्हापासून स्लॅपअ‍ॅड आणि स्लॅपइंडेक्स मी त्याच्याच खात्यातून चालवते, रूटमधून कधीच नाही.

आता राहिले मधले अकरा दिवस. ते दिवस ऐन प्रवेशाचे होते. नव्या ६४ मुलांची खाती त्यांत उघडलेली, ती गेली. दुपारी खरगोनहून आलेली एक मुलगी सर्व्हर रूमच्या दारात उभी राहिली. कॉलेजातला तिचा तिसरा दिवस. संगणकावर 'असा वापरकर्ता नाही' असं आलं होतं. तिने हळूच विचारलं, "मॅडम, मेरा नाम कट गया क्या?" तिला वाटलं प्रवेशच रद्द झाला. तिला खुर्चीवर बसवून, प्रवेशाच्या रजिस्टरातलं तिचं नाव बोट ठेवून दाखवलं आणि तिच्यासमोर तिचं खातं पुन्हा उघडलं. उरलेली ६३ त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी केली. ज्यांनी त्या अकरा दिवसांत पासवर्ड बदलले होते त्यांना जुना पासवर्ड आठवायला लागला. प्राध्यापक मंडळी त्यावरून बरंच बोलली, आणि त्यांचं बरोबर होतं.

पहिल्या आठवड्यात मी तीन कामं उरकली. रविवारची स्क्रिप्ट काढून टाकली, त्या रीबूटची मुळात गरजच नव्हती. चेकपॉइंटची सेटिंग लावली, म्हणजे ५१२ केबी लिहिलं गेलं किंवा ३० मिनिटं झाली की रोजकीर्दीतलं खातेवहीत चढतं. आणि गरज संपलेले लॉग डेटाबेसने स्वतःच काढावेत, अशी सोय डीबी कॉन्फिग या सेटिंगच्या फायलीत करून दिली. कोणता लॉग लागतो आणि कोणता नाही हे त्यालाच कळतं, माणसाने रिमूव्ह कमांड घेऊन तिथे जाऊच नये.

रोज रात्री स्लॅपकॅट सुरू केला. बर्कले डीबीवर तो डिरेक्टरी चालू असतानाही काढता येतो. डेटा आणि डिरेक्टरीचं स्वतःचं कॉन्फिगरेशन, दोन वेगळ्या फायली. पुष्कळ जण कॉन्फिगरेशन विसरतात, मग डेटा हातात असून तो कशात भरायचा ते कळत नाही. या फायलींत सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश, म्हणजे रूपांतर करून साठवलेले पासवर्ड, असतात. युजरपासवर्ड या शब्दापुढे दोन कोलन आणि मग अगम्य अक्षरं, ती नुसती बेस-सिक्स्टीफोर या पद्धतीने लिहिलेली. ते काही कुलूप नव्हे, कोणीही उलटवून आतला हॅश काढू शकतं. म्हणून या फायली रूटशिवाय कोणाला वाचता येणार नाहीत अशा ठेवल्या.

खरा उपाय डेटाबेस बदलणं हाच होता. आमचं उबुंटू १४.०४ होतं, त्याचा सपोर्ट एप्रिल २०१९ मध्ये संपणार होता. १८.०४ वर ओपनएलडॅप एलएमडीबी या दुसऱ्या डेटाबेसवर चालतो. त्यात रोजकीर्द हा प्रकारच नाही. बदल करायचा तर तो जुन्या पानाला हात न लावता नवं पान लिहितो. सगळं डिस्कवर पोचलं की शेवटी 'आता हे मूळ धरा' अशी खूण बदलतो. या खुणेची पानं दोन, आळीपाळीने लिहिली जातात. मध्येच वीज गेली तर आधीचं मूळ शाबूत असतं, त्यामुळे उठल्यावर दुरुस्ती लागत नाही. अट एवढीच की वेगासाठी डिस्कवर लिहिण्याची वाट न बघण्याचा पर्याय चालू करायचा नाही. इंटरनेटवर तो सल्ला सर्रास दिसतो. लोकांची खाती जिथे आहेत तिथे मी तो कधी मानणार नाही. आणखी एक, कमाल आकार आधीच सांगावा लागतो. तो भरला की नवं काही लिहिलं जात नाही. मी १ जीबी दिला, आमच्या खात्यांना तो भरपूर आहे.

हलवाहलव केली २०१९ च्या रंगपंचमीला. त्या दिवशी राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, शहराला सुट्टी असते, कॉलेजात वॉचमनशिवाय कोणी नाही. सकाळी डिरेक्टरी फक्त वाचण्यापुरती उघडी ठेवली, दोन्ही फायली काढल्या, नव्या मशीनवर भरल्या. दोन्हीकडे 'डीएन'ने सुरू होणाऱ्या ओळी मोजल्या, प्रत्येक एन्ट्रीला अशी एक ओळ असते. आकडे जुळले. मग वीस खाती डोळ्यांनी तपासली, त्यात खरगोनच्या त्या मुलीचंही होतं. प्रोग्रॅम सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीलाही सांगितलं की स्लॅपडी बंद होताना तीन मिनिटं वाट बघायची, मगच जबरदस्ती.

राहिला यूपीएस. त्यात पडायला मला उशीरच झाला. यूपीएस होता, पण सर्व्हरला त्याची यूएसबी केबल जोडलेलीच नव्हती. म्हणजे बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळायचं नाही, वीज जाऊन वीस मिनिटांनी तो धाडकन पडायचा. आमचे इलेक्ट्रिशियन काका महाराणी रोडवरून नव्या बॅटऱ्या घेऊन आले. एनयूटी हा प्रोग्रॅम बसवला, बॅटरी खाली आली की तो सर्व्हरला शिस्तीत बंद करतो. काका म्हणाले, "आता मेन पाडून बघायचं का?" मी हो म्हटलं आणि माझे हात थंड पडले. त्यांनी एमसीबी खाली पाडला. यूपीएस पीं पीं करायला लागला. अठराव्या मिनिटाला स्क्रीनवर शटडाउन सुरू झालं. शेवटी स्लॅपडी थांबल्याची ओळ आली, त्यानंतरच मशीन गेलं. काका घड्याळ बघत होते. "चाळीस सेकंद घेतले हो त्याने."

जूनच्या वादळात रात्री अडीचला वीज गेली, ती सकाळी सहाला आली. नऊला लॉगिन सुरू होतं. लॉग उघडला तर स्लॅपडी स्वतःहून थांबल्याची ओळ दोन बावन्नला होती.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी आदल्या रात्रीचा बॅकअप एका जुन्या मशीनवर भरून बघते आणि ओळी मोजते. दुसरा सर्व्हरही जोडलाय, तो पहिल्याची नक्कल सतत ठेवतो. पण पहिल्यावर चुकून पुसलेलं तिथेही तत्क्षणी पुसलं जातं, त्यामुळे रात्रीचा स्लॅपकॅट चालूच आहे. दोन्ही मशीन अजून एकाच खोलीत आहेत. लायब्ररीच्या इमारतीत काका नवी वायरिंग करतायत, ते संपलं की दुसरा तिकडे हलवायचाय.