विन्स्लोचं ला पोसाडा: रुळांकडे तोंड केलेलं हॉटेल

कॅलिफोर्नियातून ग्रँड कॅन्यनला निघालेली आपली मंडळी फ्लॅगस्टाफला मुक्काम टाकतात आणि तिथूनच परत फिरतात. माझं ऐकाल तर आंतरराज्य महामार्ग ४० ने आणखी पंचाण्णव किलोमीटर पूर्वेला जा. विन्स्लो हे ॲरिझोनातलं जेमतेम नऊ-दहा हजार वस्तीचं, वाऱ्याने झोडपलेलं गाव आहे. तिथे रेल्वे स्टेशनला लागूनच ला पोसाडा हॉटेल उभं आहे.

गाडी लावून आत शिरलात तर हॉटेल तुम्हाला उलट्या बाजूने दिसतं, कारण ते बांधलं होतं रेल्वेने येणाऱ्यांसाठी. आधी सामान ठेवा, सरळ दक्षिणेकडच्या बागेत जा आणि रुळांकडे पाठ करून इमारतीकडे बघा. कमानी, लाल कौलं, कुठे पुढे आलेली तर कुठे आत गेलेली जाड भिंत. एकाच कुटुंबाच्या चार पिढ्यांनी गरजेप्रमाणे खोल्या वाढवत नेलेल्या वाड्यासारखं ते दिसतं. प्रत्यक्षात सगळं एकदमच बांधलेलं आहे. मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी एका श्रीमंत स्पॅनिश जमीनदार घराण्याची गोष्ट मनाशी रचली आणि त्या घराण्याचं घर असावं तसं हॉटेल आखलं. इमारत, बाग, फर्निचर, सगळ्यावर त्यांचा हात फिरला. लॉबीतली सशाच्या आकाराची ॲशट्रे-स्टँड बघा, म्हणजे बाईंचा मिश्कीलपणा कळेल. एरवी खोटा जुनेपणा मला खपत नाही. इथे तो खपतो, कारण काम कुठेच उरकलेलं वाटत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. इंग्लंडहून आलेल्या फ्रेड हार्वी यांनी १८७६ मध्ये कॅन्ससमधल्या टोपेका स्टेशनात खानावळ काढली. स्टेशनांवरचं जेवण तेव्हा भयंकर असे. हार्वींकडे स्वच्छ टेबलक्लॉथ आणि गरम ताट मिळू लागलं. सांता फे रेल्वेच्या मार्गावर मग त्यांची उपाहारगृहं आणि हॉटेलं होत गेली. ला पोसाडा त्या साखळीतलं अगदी शेवटच्या काळातलं. खर्च दहा लाख डॉलरच्या घरात. फर्निचर आणि बाग धरून वीस लाखांपर्यंत गेला असं सांगतात. उद्घाटन झालं १५ मे १९३० ला, म्हणजे न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळून सात महिनेही झाले नव्हते. मंदी, त्यामागून मोटारी, मग विमानं. १९५७ मध्ये हॉटेल बंद पडलं, १९५९ मध्ये फर्निचरचा लिलाव झाला. त्याच १९५७ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या गॅलप गावातलं कोल्टरबाईंचंच एल नावाहो हॉटेल पाडलं गेलं. पुढच्या जानेवारीत बाई गेल्या.

ला पोसाडा वाचलं ते रेल्वेने तिथे कचेऱ्या थाटल्या म्हणून. खोट्या छतांखाली आणि पार्टिशनांमागे जुनं काम दडून राहिलं. १९९७ मध्ये ॲलन ॲफेल्ट आणि त्यांच्या चित्रकार पत्नी टीना मियॉन यांनी इमारत घेतली आणि टप्प्याटप्प्याने ती खुली केली. मियॉन यांची मोठाली चित्रं जागोजागी लावलेली आहेत. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी पत्त्यांच्या रूपात काढलेली मालिका गमतीची आहे, पण काही चित्रं अंगावर येतात. लहान मुलं बरोबर असतील तर आधी स्वतः बघून घ्या.

आता कामाचं. आमट्रॅक या अमेरिकी प्रवासी रेल्वे कंपनीची साउथवेस्ट चीफ ही शिकागो–लॉस एंजेलिस गाडी इथे रोज दोन्ही दिशांना थांबते. लॉस एंजेलिसहून संध्याकाळी निघालात तर विन्स्लोला उजाडायच्या सुमारास पोचता. परतीची गाडी संध्याकाळनंतर. मुक्काम न करताही अख्खा दिवस हाताशी मिळतो. मात्र स्टेशनात तिकीट खिडकी नाही. तिकीट मोबाइलवर काढून ठेवा आणि गाडी कुठवर आलीय ते निघण्याआधी बघा. गावात मोटारीशिवाय फार काही होत नाही, म्हणून आजूबाजूला फिरायचं असेल तर कारनेच या.

मालगाड्या दिवसरात्र धावतात. दुहेरी कंटेनर रचलेली, संपता न संपणारी गाडी बागेतल्या खुर्चीवरून बघायला मजा येते, पण झोप सावध असेल तर बुकिंग करतानाच रुळांपासून लांबची खोली मागा. खोल्यांना इथे उतरून गेलेल्या प्रसिद्ध पाहुण्यांची नावं आहेत. नावाला भुलू नका, खोली कुठल्या बाजूला आहे ते विचारा.

टर्क्वॉइज रूम या हॉटेलातल्याच उपाहारगृहात जेवण महाग आहे, तरी एकदा जेवाच. तिथलं नावाजलेलं सूप म्हणजे एकाच वाडग्यात अर्ध्यात पिवळं मक्याचं आणि अर्ध्यात काळ्या घेवड्याचं. दोन्ही इतकी दाट की चमचा घालेपर्यंत मधली रेघ हलत नाही. शाकाहारी असाल तर सूप कशाच्या पाण्यात केलंय ते विचारून घ्या. अमेरिकेत भाजीच्या सूपलाही बऱ्याचदा चिकनचं पाणी वापरतात. रात्रीचं टेबल आधी राखून ठेवा.

पश्चिमेला अर्ध्या तासावर उल्केने पाडलेलं मीटिअर क्रेटर आहे, रुंदी सुमारे १,२०० मीटर. ते खासगी मालकीचं आहे, तेव्हा नॅशनल पार्कचा पास चालत नाही. पूर्वेला तासाभरावर पेट्रिफाइड फॉरेस्ट, म्हणजे दगड झालेल्या झाडांचं राष्ट्रीय उद्यान. तिथे पास चालतो, आणि आतल्या पेंटेड डेझर्ट इनचं १९४० च्या दशकातलं नूतनीकरण कोल्टरबाईंचंच. उन्हाळ्यात न्यू मेक्सिकोकडे निघालात तर घड्याळ तासभर पुढे करा, ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही. तिकडेच लास व्हेगस नावाच्या गावात (जुगाराचं ते नव्हे) ॲफेल्ट यांनीच सावरलेलं कास्टानेडा हे आणखी एक हार्वी हॉटेल आहे, तेही स्टेशनाला लागून.