आधी वीजबिल, मग हिरवी पाटी

छोट्या धंद्यांना पर्यावरणपूरक करायला निघालेल्या बऱ्याच संस्था पोस्टर, प्रतिज्ञा आणि दारावर लावायच्या हिरव्या पाटीपासून सुरुवात करतात. दुकानदार सही करतो, फोटो निघतो आणि मागच्या खोलीतला फ्रीज पूर्वीइतकीच वीज खात राहतो. सल्ला देणारे पुष्कळ आहेत. जागेवर जाऊन मोजणारा आणि तीन महिन्यांनी परत येऊन तेच पुन्हा मोजणारा मात्र सहसा सापडत नाही. स्थानिक संस्थेने हे काम अंगावर घ्यावं, बाकीचं नंतर.

पहिल्या भेटीआधी मागच्या १२ महिन्यांची वीज, इंधन आणि पाण्याची बिलं मागून घ्यावीत. एकदोन महिन्यांच्या बिलांवर भागवलं तर ऋतूचा फरक कळत नाही आणि पुढे बचतीचा हिशेब लटकतो. बिलात रकमेआधी युनिट बघायचे, कारण दर बदलला की रक्कम आपोआप हलते.

मग एक बिनखर्चाची चाचणी. शटर ओढताना मीटरचं रीडिंग लिहायचं आणि सकाळी उघडल्यावर पुन्हा लिहायचं. एक युनिट म्हणजे एक किलोवॅटचा भार तासभर. जागा १० तास बंद होती आणि १२ युनिट गेले, तर रात्रभर सरासरी १.२ किलोवॅटचा भार चालू होता. त्यातला फ्रीजचा किती, हे काढलं की उरलेल्याचा जाब विचारता येतो: चालू राहिलेला एसी, गिझर, पाटीचे दिवे, कॉम्प्रेसर. मालकाला पटवायला यापेक्षा सोपा मार्ग नाही. आकडा त्याच्याच मीटरचा असतो.

एकेका यंत्राचं मोजमाप करताना नवखे स्वयंसेवक हमखास एका ठिकाणी घसरतात. तारेभोवती चिमट्यासारखा लावायचा साधा क्लॅम्प मीटर फक्त करंट दाखवतो. ५ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट, म्हणजे ११५० वॅट असं लिहून मोकळे होतात. मोटरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खऱ्या वॅटचा वाटा, ०.७ असेल तर खरा भार ८०५ वॅटच असतो. मग अहवालात न वापरलेली वीज वाचवून दाखवली जाते. त्यामुळे वॅट दाखवणारा मीटरच घ्यावा. फ्रीजचं क्षणभराचं रीडिंगही निरुपयोगी, कारण त्याचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत असतो. प्लगमध्ये बसणारा मीटर किमान २४ तास ठेवावा, आठवडाभर ठेवला तर उत्तम.

फ्रीजकडे आलोच आहोत तर दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून दार लावा. ओढल्यावर ती सहज सुटली तर रबर गेलंय. पट्टी चारही बाजूंनी फिरवून बघावी, कारण ते बहुधा बिजागरीकडच्या कोपऱ्यात फाटतं. मागची किंवा खालची कंडेन्सरची (उष्णता बाहेर टाकणारी) जाळी धुळीने बुजलेली असेल तर वीज बंद करून मऊ ब्रशने साफ करा आणि भिंतीपासून साधारण १० सेंटीमीटर जागा सोडा. नवा फ्रीज घ्यायचा विषय यानंतरच काढावा.

वर्कशॉप असेल तर हवेच्या कॉम्प्रेसरला सगळ्यात जास्त वेळ द्यावा. पाळी संपल्यावर हवा वापरणारी सगळी अवजारं बंद करायची आणि कॉम्प्रेसर चालू ठेवायचा. तो किती वेळ लोडवर जातो (हवा भरतो) आणि किती वेळ अनलोड राहतो (हवा भरणं थांबवतो), हे घड्याळ लावून चारपाच फेऱ्या टिपायचं. लोडचा वेळ भागिले दोन्ही वेळांची बेरीज, म्हणजे गळतीचं प्रमाण. दीड मिनिट लोड आणि साडेचार मिनिटं अनलोड म्हणजे क्षमतेच्या २५ टक्के हवा कुणीही न वापरता जातेय. दुर्लक्षित ठिकाणी असा आकडा मुळीच नवलाचा नाही. ७ बार दाबाला ३ मिलिमीटरचं एकच भोक तीनेक किलोवॅट खाऊ शकतं. साबणाचं पाणी घेऊन कपलिंग, होजच्या क्लिपा आणि टाकीखालचा ड्रेन व्हॉल्व्ह तपासावा. ड्रेन कुणीतरी जाणूनबुजून किंचित उघडा ठेवलेला असतो. गळती बंद झाल्यावर दाब १ बारने उतरवता आला तर आणखी ६-७ टक्के वीज वाचते. एक खोच मात्र आहे: अनलोड असतानाही मोठा कॉम्प्रेसर पूर्ण भाराच्या पाव ते एक तृतीयांश वीज घेतो. त्यामुळे २५ टक्के गळती बंद झाली म्हणून बिलही तेवढंच उतरेल, असं आश्वासन देऊ नये. वेग बदलणाऱ्या कॉम्प्रेसरला ही घड्याळाची चाचणी लागू होत नाही.

दिव्यांचं गणित सरळ आहे. जुनी ३६ वॅटची ट्यूब चोकसकट ४८ वॅटच्या आसपास घेते, एलईडी २० वॅट. दहा ट्यूब रोज १० तास, वर्षाला ३०० दिवस चालल्या तर ८४० युनिट वाचतात. पण गोदामात दिवसातून अर्धा तास लागणाऱ्या दिव्यामागे लागू नका.

कचऱ्यासाठी साधा वजनकाटा आणि सात दिवसांची नोंद पुरते. डबे वाटण्याआधी कचरा नेणाऱ्याला विचारा की पुढे तो वेगळा ठेवतो का. गाडीत सगळं एकत्र पडताना झाडणाऱ्या बाईंनी एकदा पाहिलं की दुसऱ्या दिवसापासून वर्गीकरण बंद. आणि प्रशिक्षण त्यांना द्यायचं, मालकाला नाही.

अहवाल एका पानाचा असावा, त्यात जास्तीत जास्त तीन कामं. प्रत्येकापुढे कोण करणार, कधी, खर्च किती आणि तो किती महिन्यांत वसूल होणार, एवढंच लिहावं. चाळीस पानी अहवाल कपाटात जातो. जागा भाड्याची असेल तर भाडेकरूला सोबत नेता येतील अशाच वस्तू सुचवाव्यात. छत आणि वायरिंगचा विषय घरमालकाशी वेगळा बोलावा. विक्रेत्याकडून कमिशन किंवा प्रायोजकत्व अजिबात घेऊ नये, अगदी कार्यक्रमाच्या बॅनरपुरतंही. वस्तूचा तपशील लिहून द्यावा, मालकाने तीन दरपत्रकं मागवावीत. फिरता निधी (दुकानदाराला उसना देऊन हप्त्यांनी परत घ्यायचा पैसा) असेल तर हप्ता महिन्याच्या बचतीच्या ८० टक्क्यांपलीकडे नको, नाहीतर पहिल्याच मंद महिन्यात तो थकतो.

तीन महिन्यांनी तुलना करताना मागच्या वर्षीचा तोच महिना घ्यावा आणि कामाचे तास वा उत्पादन बदललंय का, हे विचारावं. एकूण वापराच्या १० टक्क्यांहून कमी असलेली बचत बिलात शोधू नये. ती चढउतारात हरवते. तिथे त्या यंत्राचंच मोजमाप पुन्हा करायचं.

कार्बनचा आकडा काढायचाच तर डिझेलला लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. विजेसाठी आपल्या देशाचा अधिकृत गुणांक (एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड) घ्या आणि आधीच्या व नंतरच्या वर्षाला तोच लावा. वेगवेगळे लावले तर वीजनिर्मिती स्वच्छ झाल्याचं श्रेय नकळत आपल्या संस्थेच्या खात्यात जमा होतं. एवढं झाल्यावर पाटी जरूर द्या. तिच्यावर काय केलं, किती युनिट वाचले आणि ती कुठल्या तारखेपर्यंत चालेल, हे तिन्ही छापलेलं असावं. वर्षभरानंतर मोजणी झाली नाही तर पाटी काढून घ्यायची.