कापूस कुठला?

बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत नॅशुआला आलेत आणि दुसऱ्याच आठवड्यात कंटाळले. बॉस्टन बघून झालं, मॉल बघून झाले, बर्फ बघून झाला (तो तर पाच मिनिटांत झाला). शेवटी नवरा म्हणाला अगं लोवेलला ने ना त्यांना, वीस-पंचवीस मिनिटांवर तर आहे, तिथे जुन्या गिरणीचं म्युझियम आहे. मी इथे सात वर्षं राहतेय, लोवेलला फक्त इंडियन किराणा घ्यायला जायचे. गिरणी बघायला कोण जाणार, लालबागच्या पोरीने काय कमी गिरण्या बघितल्यात!

बाबा लालबागला गिरणीत साचे खात्यात होते (साचा म्हणजे कापड विणायचा माग), ८२ च्या संपापर्यंत. पुढचं नका विचारू, तुमच्यापैकी अर्ध्यांच्या घरात तेच झालंय.

तर ते म्युझियम म्हणजे बूट मिल्स. नावच बूट आहे, पायातल्या बुटाशी संबंध नाही. लाल विटांची पाच मजली लांबच लांब इमारत, मधे घंटेचा मनोरा, बाजूने कालवा. खाली साच्यांचा हॉल आहे, तिथे शिरायच्या आधी कानात घालायला बोळे देतात. बाबांनी घेतलेच नाहीत. म्हणाले, "कानात बोळे घालून साचो कसो कळतलो गो?" आत ८० च्या वर साचे ओळीने उभे आहेत, त्यातले थोडेच चालू ठेवतात पण तेवढ्यानेही जमीन थरथरते. बाबा एका साच्यापाशी उभे राहिले, धोटा (आडवं सूत नेणारा) इकडून तिकडे जाताना बघत राहिले, मग कापडाला हात लावायला निघाले तर मी ओढून मागे आणलं. गाईड मुलगी हसली. ती म्हणाली काही विचारायचंय का, तर बाबांनी मला मराठीत सांगितलं, विचार तिला, कापूस कुठला?

साचेवाल्याचा प्रश्न आहे हा. कापूस वाईट असला की सूत तुटतं, सूत तुटलं की साचा थांबतो, साचा थांबला की पगार कमी. पण मी इंग्लिशमध्ये विचारल्यावर ती मुलगी एकदम गंभीर झाली. म्हणाली, आज कुठूनही येतो हो, पण त्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा, गुलामांनी पिकवलेला.

तिथून पुढचे दोन तास कसे गेले कळलं नाही.

गोष्ट अशी आहे की १८२२ च्या आधी इथे बहुतेक शेतंच होती. मेरिमॅक नदी इथल्या धबधब्यावर साधारण ३२ फूट खाली येते, त्या पाण्याच्या जोरावर चाकं फिरवायची म्हणून बॉस्टनच्या शेटलोकांनी जमीन घेतली. ज्याच्या नावाने गाव आहे तो फ्रान्सिस कॅबट लोवेल त्याआधीच वारला होता, पण खरी करामत त्याचीच, १८१० च्या सुमारास इंग्लंडला गेला, तिथले यंत्रमाग डोळ्यांनी बघून डोक्यात ठेवले आणि इकडे येऊन कारागिराच्या मदतीने तसेच बनवले. यंत्रांचे नकाशे देशाबाहेर न्यायला इंग्रजांची बंदी होती ना! कालवे खणले आयरिश मजुरांनी, रेल्वे आली १८३५ ला, १८३६ ला तर गावाचं शहर झालं.

आणि कामाला कोण, तर आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली. पंधरा-वीस वर्षांच्या, घरी भावाच्या शिक्षणाला पैसे पाठवणाऱ्या. राहायला कंपनीचे बोर्डिंग हाऊस, एका खोलीत चार-सहा जणी, आणि ते चालवायच्या बहुतेक विधवा बाया. हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, म्हणजे खाणावळच की! तिकडे गिरणगावात गाववाले गाळ्यात पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला खाणावळवालीकडे, इथे मुली. पहाटे घंटा, रात्री घंटा, आठवड्याला सरासरी ७३ तास. सूत ओलसर राहावं म्हणून खिडक्या बंद. आमच्याकडे भोंगा होता एवढाच फरक, बाबा म्हणाले.

पण या पोरी गप्प बसणाऱ्या नव्हत्या हां. स्वतःचं मासिक काढायच्या. १८३४ ला मजुरी कापणार म्हटल्यावर संप, १८३६ ला खाणावळीचे दर वाढवले म्हणून पुन्हा संप, त्यात सुमारे १५०० जणी रस्त्यावर. हॅरिएट हॅन्सन नावाची ११ वर्षांची मुलगी, सुताच्या बॉबिन बदलायचं काम करायची, मोठ्या मुली जाऊ की नको करत होत्या तर ही सरळ निघाली आणि मागे सगळा मजला निघाला. तिची आई विधवा, कंपनीचीच खाणावळ चालवायची. त्या आईलाच काढून टाकलं. मोठ्या मुली तुझ्या हातात नव्हत्या पण ही तर तुझी होती ना, असं ऐकवून. बाबांनी हे मला दोनदा सांगायला लावलं.

१८४५ मध्ये सारा बॅगली नावाची गिरणी कामगार आणि तिच्या संघटनेने दहा तासांच्या दिवसासाठी सह्या गोळा केल्या, विधानसभेच्या समितीसमोर साक्ष दिली. समिती म्हणाली तास ठरवणं आमचं काम नाही. तेव्हा इकडे जमीनजुमला नसलेल्या गोऱ्या पुरुषांनाही मत मिळालेलं होतं, लोकशाहीचे ढोल वाजत होते, पण सह्या करणाऱ्या बायांना मत कुठे होतं!

आता मला जे डोक्यातून जात नाहीये ते. या मुली संपात गाणं म्हणत जायच्या, आम्ही गुलाम होणार नाही, अशा अर्थाचं. आम्ही स्वतंत्र माणसांच्या लेकी, असं पत्रकात लिहायच्या. आणि हातात सूत गुलामांच्या कापसाचं. १७९३ ला सरकी काढायचं यंत्र निघालं, कापूस फायद्याचा झाला आणि जी गुलामी हळूहळू संपेल असं काहींना वाटत होतं ती उलट फोफावली, १७९० ला सात लाखांच्या आसपास गुलाम होते ते १८६० ला जवळपास ४० लाख. त्यातून वर हे की लोवेलमध्ये जाडंभरडं स्वस्त कापड विणलं जायचं, नीग्रो क्लॉथ म्हणत त्याला, ते मळेवाले विकत घ्यायचे आणि गुलामांच्या अंगावर घालायचे. तिकडे त्या कापडाला नावच पडलं होतं लोवेल. म्हणजे कापूस त्यांनी वेचायचा, इथे विणला जायचा आणि परत त्यांच्याच अंगावर. पोरींपैकी बऱ्याच जणींनी गुलामीविरुद्धच्या अर्जांवर सह्याही केल्या होत्या, तेही खरं. पण साचा चालूच होता.

१८६१ ला इथे उत्तर-दक्षिण असं यादवी युद्ध पेटलं तेव्हा इथल्या मालकांनी साठवलेला कापूस चढ्या भावात विकून टाकला आणि गिरण्या बंद केल्या, कामगार घरी. आणि त्याच कापसाच्या तुटवड्यात वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईहून लिव्हरपूलला धो-धो जायला लागला, मुंबईत शेअरचं वेड लागलं, १८६५ ला युद्ध संपलं तसे सगळे आपटले. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, मालक बंद करतो तेव्हा आधी माल विकतो, हे काय नवीन.

परत जाताना दुकानातून त्याच साच्यांवर विणलेला टॉवेल घेतला. बाबांनी गाडीत तो उजेडाकडे धरला, नखाने काठ तपासला, एक तार सुटलीय म्हणाले. ओरडून म्हणाले. मी म्हटलं बाबा हळू बोला, शेजारीच बसलेय मी. लहानपणी आम्हाला वाटायचं ते पाळी संपवून आले की चिडलेले असतात. घरी पोचेपर्यंत ते असेच मोठ्याने बोलत होते, टॉवेल मांडीवर ठेवून.